इंदुरात अन्नवन: आधी पाण्याची वाट, मग झाडांची यादी

अन्नवनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "झाडं कोणती लावायची?" मग कुणीतरी केरळातल्या नाहीतर बालीतल्या बागेचा व्हिडिओ पाठवतं. सुपारीवर चढलेली मिरी, मध्ये केळी, खाली हळद, सगळं ओलं आणि गच्च हिरवं. बघायला छानच. पण राऊकडे किंवा सुपर कॉरिडॉरच्या बाजूला घेतलेल्या प्लॉटवर तसंच्या तसं उभं करायला जाल, तर दुसऱ्या मे महिन्यात हाती काड्या उरतील. केरळात पाऊस दोन हंगामांत येतो, वर्षातले सहा-सात महिने जमीन ओली राहते. इंदुरात वर्षाला साधारण 37-38 इंच पाऊस, आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास जून ते सप्टेंबरमध्येच उरकतो. उरलेले आठ महिने झाडानं काय करायचं, हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. यादी नंतर करू.

अन्नवन म्हणजे खाण्याच्या उपयोगाची झाडं, झुडपं, वेल आणि कंद यांची अशी लागवड, जिची रचना जंगलासारखी असते. सगळ्यात वर उंच झाडं, त्यांच्याखाली मध्यम उंचीची फळझाडं, मग झुडपं, मग पालेभाज्या आणि मसाल्याची रोपं, जमिनीवर पसरणारे वेल, जमिनीखाली कंद, आणि या सगळ्यांतून वर चढणारे वेल. हे सात थर सध्या सगळीकडे सांगितले जातात, ते रॉबर्ट हार्ट यांनी इंग्लंडच्या श्रॉपशायरमध्ये मांडले. पण त्यांनी स्फूर्ती घेतली ती उष्ण कटिबंधातल्या परसबागांकडूनच. गोव्याकडचं कुळागर, श्रीलंकेत कँडीच्या भोवतालच्या बागा, जावा बेटावरची परसं, किलिमांजारोच्या उतारावर चग्गा लोकांनी राखलेली केळी-कॉफीची रानं: ही पद्धत शतकानुशतकं चालत आलेली आहे. हल्ली शहरात जिकडेतिकडे लावतात ते मियावाकी वन मात्र वेगळं. तिथे स्थानिक झाडं अगदी दाटीनं लावून लवकर जंगल उभं करायचं असतं. त्यात शिरून फळं काढायला जागाही नसते.

एवढे थर एकाच जागेवर कसे नांदतात, हे इंदूरकरांना समजावणं सोपं आहे. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं चालतात आणि रात्री त्यांच्याच ओट्यांसमोर गराडू (तळून खातात तो कंद) आणि जिलेबीच्या कढया लागतात. जागा एकच, वेळ वेगळी, गरज वेगळी. अन्नवनात जागेबरोबर ऊन, पाणी आणि महिनेसुद्धा असे वाटून घेतलेले असतात.

उन्हाचं उदाहरण घेऊ, कारण "सावलीत काही पिकत नाही" हा समज आपल्या डोक्यात पक्का बसलेला आहे. आंबा, पेरू, लिंबू, हळद, मिरची अशा बहुतेक झाडांच्या एकेका पानाला भर दुपारच्या उन्हाचा तिसरा हिस्सा ते निम्मा प्रकाश मिळाला, की त्याचं अन्न तयार करण्याचं काम पूर्ण वेगावर पोचतं. त्यावरचं ऊन त्याच्या कामाचं नसतं. उलट पान तापतं, पाणी वाचवायला आपली सूक्ष्म रंध्रं मिटून घेतं, आणि रंध्रं मिटली की हवेतला कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी उघड्यावरचं रोप ऊन असून उपाशी असतं. त्याच्यावर विरळ सावली धरली, तर उत्पन्न घटण्याऐवजी रोप वाचतं. मका आणि ऊस यांचं यंत्र वेगळं आहे, त्यांना पूर्ण ऊन पचतं. म्हणून किसासाठी भुट्टे हवे असतील तर ते झाडाखाली लावू नका.

सावलीबरोबर गारवाही येतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास 0.68 युनिट विजेइतकी उष्णता लागते. मोठ्या झाडानं दिवसभरात पानांवाटे शंभर लिटर पाणी सोडलं, तर अडुसष्ट युनिटांएवढी उष्णता त्यात खर्ची पडली. मात्र हे होतं मुळांना पाणी मिळत असेल तेव्हाच. तहानलेलं झाड सावली देतं, गारवा देत नाही. शहरात झाडं लावा म्हणजे तापमान उतरेल असं सांगणाऱ्या पोस्टरांवर ही अट कधी छापलेली दिसत नाही.

आता बदलत्या हवामानाकडे. "गरमी वाढली" एवढंच म्हणून हे समजत नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या हवामान अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सियसनं वाढलं. आकडा लहान वाटतो. पण हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. त्याचे दोन परिणाम होतात. पाऊस नसताना हीच हवा मातीतून आणि पानांतून जास्त पाणी ओढून घेते, आणि पाऊस पडतो तेव्हा साठलेलं सगळं एकदम ओतते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिप्पट झाल्या. त्याच पट्ट्यात आपण येतो. 2020 च्या ऑगस्टमध्ये इंदुरात चोवीस तासांत दहा इंचांच्या आसपास पाऊस झाला होता, तो बऱ्याच जणांना आठवत असेल. वर्षाच्या पावसाचा चौथा हिस्सा एका दिवसात!

म्हणजे मालव्यातल्या, आपल्या या इंदूरकडच्या पठारावरच्या, झाडाला एकाच वर्षात ऑगस्टमध्ये बुडायचं असतं, मेमध्ये भाजायचं असतं आणि जानेवारीत एखाद्या रात्री पाला (दव गोठवणारी थंडी) सोसायचा असतो. आणि यातलं कोणतं संकट कोणत्या वर्षी मोठं असेल हे आता आजोबांच्या अनुभवावरून सांगता येत नाही. सगळं सोसणारं एकच झाड शोधण्यात अर्थ नाही, ते मिळत नाही. उपाय असा की शेजारी-शेजारी अशी झाडं असावीत जी वेगवेगळ्या कारणांनी आणि वेगवेगळ्या महिन्यांत मार खातात. टिकाऊपणा म्हणतात तो हाच. पन्नास जातींची झाडं लावली आणि ती सगळी मार्चमध्ये फुलणारी निघाली, तर मार्चच्या एका अवकाळी पावसात पन्नासांचा निकाल लागतो.

पण कुठलंही झाड जगायचं तर आधी माती. आणि इथे मालव्याचं दुखणं केरळापेक्षा, कोकणापेक्षा पार निराळं आहे.

मागे भाच्यानं फोनवर विचारलं, "मामी, आंब्यासाठी खड्डा किती फूट खोदू? तीन बाय तीन पुरे का?"

"अरे, खोदूच नकोस. माती वर चढव."

त्याला ते चमत्कारिक वाटलं, कारण सगळीकडे खड्डाच सांगतात. मुरमाड, उताराच्या जमिनीत खड्डा बरोबर आहे. आपल्या काळ्या मातीत मात्र चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. पावसाळ्यात फुगलेल्या मातीतली हवेची पोकळी बंद होते. उन्हाळ्यात तीच माती फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यांत बारीक मुळं तुटतात. अशा मातीत खड्डा करून त्यात पोयटा आणि शेणखत भरलं, की भोवतालचं पाणी त्या भुसभुशीत जागेत उतरतं आणि बाजूच्या घट्ट मातीतून त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. वरून आपल्याला ओलं, छान दिसतं. खाली मुळं गुदमरत असतात. पपई अशा पाण्यात दोन दिवसही काढत नाही. पहिल्या पावसाळ्यात मेलेल्या रोपांचं खापर लोक नर्सरीवर फोडतात, पण बहुतेक वेळा ती बुडून मेलेली असतात.

म्हणून मालव्यात अन्नवनाचा आराखडा पाण्यानं सुरू होतो, आणि त्यातही आधी पाणी बाहेर कसं जाईल ते ठरवायचं, मग ते आत कसं मुरेल ते. एक-दीड फूट उंच, तीन-चार फूट रुंद वरंबे घालायचे आणि झाडं त्यांवर लावायची. दोन वरंब्यांच्या मध्ये उथळ चर. चर उताराच्या दिशेनं सरळ काढू नका, पाणी धावत सुटेल आणि माती घेऊन जाईल. उताराला आडवे, अगदी किंचित कल देऊन काढा, म्हणजे पाणी रेंगाळत चालेल. चरात पालापाचोळा भरून ठेवला की तेच पाणी मुरतं. आणि शेवटच्या चराला एक पक्की वाट ठेवायची, दगड बसवून, जिथून दहा इंचाच्या दिवसाचं पाणी कुणाच्या भिंतीखाली न शिरता निघून जाईल. ही वाट काढायला लोक विसरतात, कारण बाकीच्या 364 दिवसांत तिचं काही काम नसतं.

पाण्याचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. एक हजार चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला की 2,360 लिटर पाणी होतं. 37 इंच म्हणजे वर्षाला सुमारे 87 हजार लिटर, आणि तेवढंच पुन्हा हजार फुटांच्या गच्चीवर. इंदूरला नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरून, जलूदहून, विंध्याचा चढ चढवून आणावं लागतं. एकेकाळी "पग-पग रोटी, डग-डग नीर" म्हणून मिरवणाऱ्या या पठारावर आज नव्या कॉलनीत बोअर किती फूट गेलं हा गप्पांचा विषय असतो. अशा गावात गच्चीचं पाणी गटारात सोडून बागेला नळाचं पाणी घालणं मला बघवत नाही.

काळ्या मातीचं हे दुखणं ज्यानं नीट समजून घेतलं तो माणूस इंदुरातच काम करत होता, आणि जगभरचे सेंद्रिय शेतीवाले इंदूरचं नाव त्याच्यामुळेच घेतात. अल्बर्ट हॉवर्ड. 1924 मध्ये होळकर दरबारानं दिलेल्या सुमारे तीनशे एकर जमिनीवर त्यांनी वनस्पती संशोधनाची संस्था उभी केली. 1931 पर्यंत ते इथे होते. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. पावसाळ्यात जमिनीत हवा कोंडते आणि मुळं उपाशी राहतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून पाण्याचा निचरा आणि कुजलेलं सेंद्रिय खत या दोन गोष्टींवर त्यांनी भर दिला. यशवंत वाड या सहकाऱ्यासोबत त्यांनी 1931 मध्ये जी खताची रीत लिहून ठेवली ती "इंदूर पद्धत" म्हणून ओळखली जाते: शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर, ओल पुरेशी पण चिखल नाही, तीन वेळा उलथापालथ, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. 1935 मध्ये इंदूरला आलेल्या गांधीजींनीही ही पद्धत पाहिली होती. असं खत काळ्या मातीत मिसळलं की चिकट कण लहान-लहान ढेकळांत बांधले जातात, ढेकळांमधून हवा आणि पाणी दोन्ही फिरतं, आणि भेगाही कमी पडतात. झाडांच्या पानगळीतून, गांडुळांच्या आणि बुरशीच्या मेहनतीनं हेच काम आपोआप होत राहावं, अशी अन्नवनाची योजना असते.

इथे इंदूरकरांची एक चांगली सवय आडवी येते. 2017 पासून सलग काही वर्षं आपण स्वच्छतेत देशात पहिले आलो, ओला-सुका कचरा वेगळा करण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही, आणि त्याच शिस्तीत अंगणातलं पानही आपण झाडून गाडीत देतो. ते देऊ नका. मे महिन्यात उघड्या मातीचा वरचा पापुद्रा पन्नास अंशांच्या वर तापतो. त्यात गांडूळ सोडा, जिवाणूही धड टिकत नाहीत. अर्धा फूट जाडीचा पाचोळा पसरला की खालची माती हाताला गार लागते आणि पाण्याच्या पाळ्या निम्म्यावर येतात. फक्त खोडाला पाचोळा टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा. मालव्यात वाळवी आहे, आणि ओल्या खोडाला बुरशीही धरते.

माती आणि पाणी मार्गी लागलं की जागा ठरवायची, आणि त्यासाठी सूर्य कुठून जातो ते पाहावं लागतं. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला आहे. जूनच्या पूर्वार्धात आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारची सावली हवी तर ती बाजूनं मिळत नाही, डोक्यावरच फांदी लागते. डिसेंबरात उलट. दुपारचा सूर्य दक्षिणेला कलतो, क्षितिजापासून साधारण 44 अंशांवर, आणि झाडाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी उत्तरेकडे पडते. तीस फुटांचा आंबा प्लॉटच्या दक्षिण कडेला लावलात, तर हिवाळाभर तीस फूट जमीन अंधारात. मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी, टोमॅटो यांना जेव्हा ऊन हवं तेव्हाच नाही! म्हणून उंच झाडं उत्तरेला आणि पश्चिमेला. पश्चिमेला अशासाठी की उन्हाळ्यातली तिरपी दुपार आणि लू (उष्ण वारा) दोन्ही तिकडूनच येतात. तिथे आंबा, जांभूळ, खिरणी अशी मेमध्येही पानं धरून राहणारी झाडं असू देत. दक्षिणेला लिंबू, करवंद, मिरची, कंद.

आणि मग क्रम. सगळ्यात जास्त रोपं इथे मरतात, कारण लोक पहिल्याच जूनमध्ये आंबा, जांभूळ, मोह असं सगळं लावून मोकळे होतात. जंगल तसं वाढत नाही. आधी घाईची, कमी आयुष्याची झाडं येतात, ती सावली धरतात, माती भुसभुशीत करतात, आणि त्यांच्या आडोशाला संथ वाढणारी मोठी होतात. आपणही तेच करायचं. पहिल्या पावसाळ्यात तूर, शेवगा, हादगा, गिरिपुष्प आणि वरंब्यावर पपई-केळी, जरा जास्तच दाट. तूर, हादगा, गिरिपुष्प यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. पावसाळ्यात या झाडांच्या फांद्या दोन-तीनदा छाटून तिथेच मातीवर टाकायच्या. छाटल्यानं वरून उजेड येतो, कुजणाऱ्या पाल्यातून खत मिळतं, आणि छाटलेलं झाड पुन्हा जोमानं फुटतं. ब्राझीलच्या बाहिया राज्यात अर्न्स्ट ग्योच यांनी उजाड झालेल्या जमिनीवर कोकोची रानं उभी केली, त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे ही सततची छाटणीच. जवळचं उदाहरण हवं तर देवास जिल्ह्यातल्या बजवाड्याचं: कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या विचारांवर दीपक सचदे यांनी तिथे दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं अन्न हा प्रयोग मांडला, आणि पालापाचोळ्यातून कसदार माती घडवण्यावर सगळा जोर दिला. सुबाभूळ मात्र लावू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. तिच्या शेंगा फुटून शेजारपाजारचे प्लॉटसुद्धा भरून जातात.

आंब्याचं मोठं कलम आणण्यापेक्षा कोय जागेवरच पेरावी असं माझं मत आहे. पिशवीत वाढलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गुंडाळतं नाहीतर तुटतं. जागेवर उगवलेल्याचं ते सरळ खाली जातं आणि मालव्यात बऱ्याच ठिकाणी काळ्या थराखाली लागणाऱ्या मुरमापर्यंत ओल शोधत पोचतं. कोय मात्र ताजी हवी, वाळली की उगवत नाही. रोप पेन्सिलएवढं जाड झालं की पुढच्या एखाद्या पावसाळ्यात त्यावर आवडीच्या जातीचं कलम तिथेच बांधायचं. फळ वर्ष-दोन वर्षं उशिरा मिळतं, पण झाड टँकरवर अवलंबून राहत नाही.

आता यादी. ती चवीनुसार करण्याआधी प्रत्येक झाड केव्हा नाजूक असतं ते मनात धरून करा. आंबा जानेवारी-फेब्रुवारीत मोहरतो. त्या वेळी ढगाळ हवा, पाऊस आला की भुरी आणि तुडतुडे, आणि त्यातून वाचलेल्या कैऱ्या मेच्या वादळात झडतात. म्हणजे आंबा दोनदा धोक्यात. बोराचं बरोबर उलट: ते भर उन्हाळ्यात पानं टाकून निवांत झोपतं, पावसाळा सरता-सरता फुलतं आणि थंडीत फळ देतं, मेच्या लाटेशी त्याचं काही देणंघेणं नाही. आवळ्याची तर कमालच. तो वसंतात फुलतो, फळ धरतं, पण ते धरलेलं फळ डोळ्यांना दिसूही नये एवढं राहून अख्खा उन्हाळा थांबतं आणि पाऊस लागल्यावर वाढायला लागतं. सीताफळ पहिल्या पावसाच्या दमट हवेत बारीक भुंग्यांकडून फळ धरतं आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पिकतं. मांडूचं सीताफळ खाल्लेल्याला ही जमीन त्याला मानवते हे वेगळं सांगायला नको. बेल आणि कवठ यांची साल इतकी टणक की गारपीटही त्यांचं फार बिघडवत नाही. जांभूळ ओल्या पायानं उभं राहू शकतं, म्हणून ज्या कोपऱ्यात पाणी जास्त थांबतं तो त्याचा. शेवग्याला तोच कोपरा दिलात तर तो सडेल. चिंच, मोह, खिरणी आपल्या नातवंडांसाठी. भोकराचं लोणचं ज्यांच्या घरी होतं त्यांनी एक भोकर जरूर लावावं, हल्ली बाजारात मिळणं कठीण झालंय. कुंपणाला करवंद: काटेही आणि फळंही.

केळी-पपई थंडीतल्या या पाल्याला घाबरतात. पण स्वच्छ, वारा पडलेल्या रात्री पाला पडतो तो जमिनीची ऊब थेट आकाशात निघून जाते म्हणून. डोक्यावर फांद्या असतील तर ती ऊब थोडी अडते. म्हणून ही दोन्ही झाडं मोकळ्या मधल्या जागेत न लावता मोठ्या झाडाच्या कडेला, सकाळचं ऊन मिळेल अशी लावावीत. सखल जागा टाळा, थंड हवा जड असते आणि खालच्या कोपऱ्यात साचते.

या सगळ्याला मर्यादा आहेत आणि त्या व्हिडिओत दाखवत नाहीत. अन्नवनातून घरचा गहू, तांदूळ, डाळ निघणार नाही. भाजी, फळं, कंद, चिंच-आमसुलाऐवजी कैरी-आवळा, हळद, कढीपत्ता, थोडी तूर निघेल. पहिली तीन वर्षं कष्ट जास्त, मिळकत कमी. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. त्याशिवाय होतं म्हणणारा एकतर नशीबवान असतो किंवा पुरतं सांगत नसतो. घराची जागा सोडून हजार चौरस फुटांच्या आत मोकळं असेल, तर त्याला वन म्हणण्याचा हट्ट सोडा. तिथे एक शेवगा, एक सीताफळ, एक लिंबू, कढीपत्ता, त्यांच्या सावलीत हळद आणि अळू. तत्त्व तेच, थर कमी. जांभूळ, आंबा, चिंच भिंतीपासून आणि ड्रेनेजच्या पाइपापासून पंधरा-वीस फूट तरी लांब हवेत. आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, कारण पाचोळ्याचा अर्धा फूट थर पाहून "इथे साप येईल" अशी पहिली तक्रार तिकडूनच येते. पायवाट रुंद आणि मोकळी ठेवली, घराच्या भिंतीलगत पाचोळा नसला, तर बरंच काम भागतं. डास पाचोळ्यात होत नाहीत, साचलेल्या पाण्यात होतात. चर दोन-तीन दिवसांत कोरडा पडत नसेल तर त्याचा कल चुकलाय.

यंदा काहीच जमणार नसेल, तरी एक वेल लावता येईल: गराडू. ज्याला महाराष्ट्रात कोनफळ म्हणतात त्याच कुळातला हा कंद, आणि मालव्याइतकी त्याची चव दुसरीकडे कुणाला लागलेली नाही. मेच्या शेवटी किंवा पहिला पाऊस पडल्यावर साल असलेले तुकडे, कापाला राख चोळून, वरंब्यात चार-सहा बोटं खोल पुरायचे. शेजारी गिरिपुष्पाचा किंवा शेवग्याचा एक दांडा रोवला की वेलाला चढायला जागा होते, आणि पावसाळ्यात त्या दांड्याचा पाला छाटून तिथेच टाकला की खतही मिळतं. भेगाळणाऱ्या सपाट काळ्या जमिनीत कंद वेडावाकडा वाढतो आणि काढताना तुटतो. वरंब्याच्या मोकळ्या मातीत तो सरळ पोसतो. थंडी पडली, वेल पिवळा होऊन वाळला की खणायला घ्यावा. तळणीला किती आणि पुढच्या वर्षीच्या बेण्याला किती, हे खणायच्या आधी घरात ठरवून घ्या, नाहीतर जिरावण मसाला भुरभुरून सगळाच संपतो.